तुला सांगते, यांना सांगू नकोस

३ फेब्रुवारी

चि. चिंगीस, अनेक आशीर्वाद.

तुझ्या दादाची बोट एकदाची झाली. अकरा वर्षं परसात ठाण मांडून बसली होती. बाहेर काढायला मागची भिंत पाडावी लागली. अख्खी गल्ली जमली होती. शेजारच्या दंतवैद्यांनी तर दवाखाना अर्धा दिवस बंद ठेवला. बोट पाण्यात उतरवली आणि तरंगली, याचं सगळ्यात जास्त नवल यांनाच वाटलं. जन्मभर दारं-खिडक्या केलेल्या सुताराच्या हातून शिडाची बोट झाली, ही काय चेष्टा आहे?

आता मुख्य बातमी. आम्ही दोघं तिच्यातून निघतोय, एप्रिलच्या मध्यावर. आधी किनाऱ्याकिनाऱ्याने, मग बेटांवरून, जमेल तितकं लांब. दोन वर्षं तरी परत येत नाही. घर विकायला काढलं आणि गिऱ्हाईकही लगेच आलं. माझा शिवणाचा क्लास मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात बंद. एकोणीस वर्षं चालवला. मशिनी मुलींनाच वाटून टाकणार आहे.

चिंगे, तुला सांगते, यांना सांगू नकोस. मला जायचं नाही. पाण्याची भीती नाही वाटत. पण त्या खोलीत सात मशिनींच्या खडखडाटात मी कोणीतरी असते. दारातून आत पाऊल टाकलं की पोरी उठून उभ्या राहतात. बोटीत मला कोण विचारणार? तरीही, माणूस अकरा वर्षं एका गोष्टीसाठी झिजला आणि आता मी आडवी येऊ? तेव्हा तोंड हसरं ठेवून चाललेय. तू शपथेवर गप्प राहा.

तुझा खोकला कसा आहे? बाइंडिंगच्या कारखान्यातला तो सरसाचा वास आहे तोवर काही जायचा नाही. जिवाला जप.

तुझी वहिनी

११ फेब्रुवारी

चि. चिंगीस, अ. उ. आ.

अक्षर बघून हसशील. पहिलीतल्या पोराने पाटीवर काढावं तसं मोठं आलंय. त्याला कारण आहे, खाली लिहितो.

वहिनीने कळवलंच असेल. ती भलतीच उत्साहात आहे. खरं सांगू? मला बोट बांधायची होती, चालवायची कुठे होती? फळी तासायची, वाफेवर वाकवायची, चुकली की उखडायची, पुन्हा बसवायची. काम संपूच नये असं वाटायचं. दोनदा तर चांगली बसलेली बाजू मी मुद्दाम उकलली. पण गेल्या वर्षी तिने चहा आणून देताना विचारलं, की मग कधी निघायचं? चेहरा असा फुलला होता, की मी म्हणून गेलो, निघू की! तिने जन्मात माझ्याकडे काही मागितलं नाही. एकदा मागितलं, तेही नाही म्हणू?

आता डोळ्यांचं. उजव्या डोळ्यापुढे मधोमध काळा डाग आलाय. समोरच्या माणसाचे कान दिसतात, तोंड दिसत नाही. डाव्यालाही सुरुवात झालीय. डॉक्टर म्हणाले, फार तर वर्षभर धरून चाला. वहिनीला यातलं काही कळता कामा नये. कळलं तर बेत मोडेल आणि ती मनातल्या मनात कुढत बसेल. तुझ्या पोटात गोष्ट राहते, म्हणून तुला लिहिलं.

तुझा दादा

२० फेब्रुवारी

ती. दादास, शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. डोळ्यांचं आजच्या आज वहिनीला सांग. नवऱ्याने अंदाजाने सुकाणू धरायचं आणि बायकोने कौतुकाने बघत बसायचं, हा काय पोरखेळ आहे? आणि तिला निघायचंय हे तुला सांगितलं कोणी, चहाच्या कपाने? एकदा समोर बसून विचार. मी तुम्हा दोघांची टपालपेटी व्हायला जन्मले नाही.

चिंगी

२० फेब्रुवारी

ती. सौ. वहिनीस, शि. सा. न. वि. वि.

शपथ मी घेतलेली नाही, तरी पाळतेय. तू फक्त एक कर. दादाला खरंच जायचंय का, ते त्याला सरळ शब्दांत विचार. आणि उत्तर मिळेपर्यंत मशिनी वाटू नकोस. खोकला आहे तसाच आहे.

चिंगी

१४ मार्च

चि. चिंगीस, अनेक आशीर्वाद.

तू म्हणालीस म्हणून विचारलं हो. हे दोऱ्यांना गाठी मारत बसले होते. म्हटलं, तुमच्या मनासारखं होतंय ना? म्हणाले, हो, आणि तुझ्या? म्हटलं, हो तर. झालं तुझं समाधान?

रोज सकाळी तासभर मी समुद्राचे नकाशे मोठ्याने वाचते आणि हे डोळे मिटून ऐकतात. खडक कुठे, दिवा कुठे, पाणी किती खोल. म्हणतात, दोघांनाही पाठ असलेलं बरं. बायकोने शिकावं म्हणून या वयात केवढी धडपड! मला तर भरून येतं. असा नवरा असताना मी माझ्या मशिनी कवटाळून बसले असते, तर मलाच माझी लाज वाटली असती.

मशिनी गेल्या. मुलींनी निरोपाचा छोटा कार्यक्रम केला. तू आली नाहीस. एक दिवस रजा घेतली असतीस तर कारखाना बुडाला नसता. का एवढं तोडून वागतेस कोण जाणे.

तुझी वहिनी

२२ एप्रिल

ती. दादा आणि ती. सौ. वहिनी, दोघांस शि. सा. न. वि. वि.

तुमच्या पहिल्या बंदराच्या पत्त्यावर हे पाठवतेय. दोघांनी एकत्र बसून वाचा.

वहिनी, दादाला जायचं नव्हतं. त्याला नुसती बोट बांधायची होती. तू चहा देताना कधी निघायचं म्हणालीस, ते त्याने मनावर घेतलं. दादा, वहिनीला जायचं नव्हतं. तिला तिचा क्लास हवा होता. तुझी मेहनत वाया जाऊ नये म्हणून ती निघाली. आणि वहिनी, नकाशे तो तुला शिकवत नव्हता. त्याला ते दिसत नाहीत. उजवा डोळा गेलाय, डावा वर्षभरात जाईल.

तुम्ही दोघांनी मला तोंड बंद ठेवायला सांगितलं होतं. ते आता मी उघडलं. पण का उघडलं, त्याआधी का बंद ठेवलं, हेही वाचा.

सहा वर्षांपूर्वी माझे हे गेले. तेराव्यानंतरच्या आठवड्यात मी एक ट्रंक घेऊन तुमच्या दारात आले होते, आठवतं? मला मागची खोली हवी होती. दादा, तू मला बाहेरच्या पायरीवर बसवून म्हणालास, माझं काही नाही गं, पण तुझ्या वहिनीला जमायचं नाही. वहिनी, तू भांडी पुसता पुसता म्हणालीस, मला तर सोबतच झाली असती, पण यांना घरात माणूस चालत नाही. मी ट्रंक उचलून परत फिरले. त्या खोलीत नंतर फळ्या भरल्या. सहा वर्षं मला कळत नव्हतं, दोघांपैकी कोणावर राग धरू. फेब्रुवारीत तुमची दोन पत्रं शेजारी शेजारी ठेवली, तेव्हा उमगलं. मला नाही म्हणणारं त्या घरात कोणी नव्हतंच.

यातलं बरंचसं मी वीस मार्चलाच एका पत्रात लिहिलं होतं. महिनाभर कपाटात ठेवलं. पाठवलं असतं तर तुमचं घर राहिलं असतं. मी तुमचं बिर्‍हाड मोडू दिलं, बोट सुटू दिली. मला वाटत होतं तसंच व्हावं. आता रोज कारखान्यात पानं जुळवताना डोळ्यांसमोर एकच येतं, दादाला खडक दिसत नाही आणि तुला ते ठाऊक नाही. जीव थाऱ्यावर नाही. पुढचा सगळा मोकळा समुद्र आहे. परत फिरा. माझी खोली लहान आहे, पण तिघं मावू. राग माझ्यावर काढा, पण तिथून परत फिरा.

चिंगी

९ मे

चि. चिंगीस, आशीर्वाद. हाताला सवय आहे म्हणून लिहिले गेले.

तुझं पत्र बंदराच्या कचेरीत मिळालं. हे म्हणाले, चष्मा बोटीत राहिला, तू वाच. धक्क्यावरच्या बाकावर बसून मी मोठ्याने वाचलं. माझं गुपित मीच यांना वाचून दाखवलं, आणि यांचंही मीच. डोळ्यांचं आलं तेव्हा मी थांबले. हे म्हणाले, वाच, पुढे काय लिहिलंय? मग खोलीचं आलं. त्या वेळी मी यांना विचारलंच नव्हतं. यांनीही मला विचारलं नव्हतं. याची माफी मागायची कशी, मला कळत नाही.

पण तूही कमी नाहीस, चिंगे. महिनाभर पत्र दाबून ठेवलंस! मी रोज यांच्याबरोबर त्या पाण्यात होते. आम्ही एकमेकांसाठी निघालोय, एवढं एक सुख होतं, तेही तू काढून घेतलंस. आता बोटीत आम्ही दोघं फार सांभाळून वागतो, परक्या घरी उतरल्यासारखं.

तुला वाटलं असेल, आता तरी बोलतील. दुसऱ्या दिवशी यांनी विचारलं, मग परत फिरायचं का? मी म्हटलं, तुम्ही म्हणाल तसं. हे म्हणाले, छे, या वेळी तू म्हणशील तसं. मी म्हटलं, डोळे तुमचे आहेत. हे म्हणाले, क्लास तुझा होता. तिथेच थांबलं.

आज सुटायची नोंद करायला गेलो. कारकुनाने विचारलं, पुढे की मागे? हे माझ्याकडे वळले, मी यांच्याकडे बघत राहिले. यांना माझं तोंड दिसत नव्हतं, हे मला कळत होतं, तरी मी बोलले नाही. मागे रांग होती. कारकुनाने थोडी वाट पाहिली, आणि पुढच्या बेटाचं नाव लिहून शिक्का मारला.

उद्या सकाळी निघतोय. लोभ उरला असेल तेवढा असू दे.

तुझी वहिनी