जामच्या चौकातून कोणीकडे

गोरखपूर,
दि. १३ मे १९९९

ती. बाबांस,
ज्योत्स्नाचा शि. सा. न. वि. वि.

आम्ही काल संध्याकाळी इथे सुखरूप पोचलो. मोटारसायकलने काही त्रास दिला नाही. हे चाळीसच्या वर नेतच नाहीत. जबलपूरच्या पुढे एक म्हातारे गृहस्थ स्कूटरवर मागे नातू घेऊन आमच्या पुढे निघून गेले. मी यांना डिवचलं, तर म्हणाले, त्यांना घाई असेल, आपल्याला नाही. कॉलेजच्या प्रयोगशाळेत काम करणारा माणूस, सगळं मोजूनमापून. माझ्या कपड्यांपेक्षा यांची पान्या-पकडींची पिशवी जड आहे.

उद्या सोनौलीला सीमा ओलांडून नेपाळात जाऊ. बाबा, हा प्रवास कोणी ठरवला होता ते तुम्हाला माहीत आहे. आमच्या लग्नाच्या वर्षी तुमच्या चिरंजीवांनीच तुमच्यासमोर म्हटलं होतं, बायकोला मागे बसवून एकदा बर्फाचे डोंगर जवळून पाहून येतो. मग तो ताप आला आणि ते गेले. तीन वर्षं होतील आता. फेब्रुवारीत लग्न झाल्यावर मी ही गोष्ट यांना सांगून टाकली, पोटात ठेवून संसार करायचा नव्हता.  तिसऱ्या दिवशी हे नकाशा घेऊन आले.

एक विचारायचं आहे. रविवारपासून अधिक महिना लागतो. निघताना आकांक्षावन्संनी चारचौघींत टोमणा मारलाच, की लोक धोंड्याच्या महिन्यात जावयाले सासरी जेवाले नेतात, आमची वहिनी नेपाळले नेऊन राह्यली, माहेर नाई वाटते तिले. सगळ्या हसल्या, मीही हसले. आष्टीच्या दादाने मी दुसरं लग्न केलं म्हणून दार लावून घेतलं. कन्यादान तुम्ही आणि आईंनी केलं. पण पाठवणीच्या वेळी आई म्हणाल्या, आता इकडे येऊ नको पोरी, मागं पाहू नको. ते मायेने म्हणाल्या की खरंच येऊ नको म्हणाल्या, हे मला अजून उमगलं नाही.

परतीला जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही जामच्या चौकात येऊ. तिथून एक रस्ता यांच्या अल्लीपूरकडे, एक आपल्या समुद्रपूरकडे. कोणीकडे वळायचं ते कळवा. पत्र काठमांडूला मोतीलालजींच्या कापड दुकानाच्या पत्त्यावर टाका. ते हिंगणघाटच्या शेठजींचे मेहुणे आहेत, ठेवून घेतील.

आईंना नमस्कार. आहे तशी माया राहू द्यावी.

आपली,
ज्योत्स्ना


समुद्रपूर,
दि. २० मे १९९९

चि. सौ. ज्योत्स्ना हिस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मंगळवारी मिळाले. वाचून बरे वाटले. योगेंद्रराव गाडी हळू चालवतात हे फार चांगले. त्यांना सांग, तशीच चालवावी.

इकडे ऊन फार आहे. विहिरीचे पाणी खाली गेले आहे, पण पुरते. लोणच्याचे आंबे यंदा रूपचंदच्या झाडाचे आणले. शेजारच्या कोकिळाबाईंच्या नातवाचे जावळ झाले. गाय व्याली, कालवड झाली. बाजार समितीतले माझे जुने सोबती अधूनमधून येऊन बसतात.

तुझे पत्र तुझ्या आईला वाचून दाखवले. पूर्ण वाचले, काही गाळले नाही. ऐकून ती उठली आणि गोठ्यात गेली. परत आल्यावर तिने विचारले, तिकडे थंडी असन, पोरीनं स्वेटर नेलं का नाई? मी म्हटले, ते तिने लिहिलेले नाही. तर म्हणाली, मंग काऊन वाचून राह्यले एवढं मोठं पत्र?

तू या घरात राहिलेली आहेस, म्हणून लिहितो. आपला गजेंद्र गेल्यापासून आपल्याकडे कढई चढलेली नाही. तुझ्या आईचा भाऊ दर दिवाळीला तेल-बेसन घेऊन दुखवटा काढायला येतो आणि ती त्याला जेवू घालून, तेल-बेसनासह परत पाठवते. ज्या घरात तळण नाही, तिथे जावयाला अधिक महिन्यात काय म्हणून बोलवावे? अनारशाशिवाय धोंड्याचे ताट होत नाही. साधा वरणभात वाढला तर त्यांचा अपमान, आणि तिला तळ म्हणण्याचे धाडस मला नाही.

तुम्ही दोघे नीट फिरून या. पाणी उकळून प्यावे. पोचल्याचे कळवत जा. मला पत्राची वाट पाहण्याची सवय झाली आहे.

तुझा,
बाबा


पोखरा,
दि. २४ मे १९९९

ती. बाबांस,
ज्योत्स्नाचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र काठमांडूला पोचलं असेल, आम्ही अजून पोचलो नाही. बुटवलपासून घाट सुरू झाला तो संपेचना. खाली नदी, वर दरड. समोरून बस आली की हे गाडी बंद करून कडेला उभे राहतात आणि बसचा ड्रायव्हर हसून हात करतो. एका चढावर पंक्चर झालं. पान्यांची पिशवी उघडताना हे इतके खूश दिसले, की मला वाटलं पंक्चरची वाटच पाहत होते.

इथे घड्याळ आपल्यापुढे पंधरा मिनिटं असतं आणि सन २०५६ चालू आहे. यांनी लगेच घड्याळ लावून घेतलं. माझं मी आपल्याच वेळेवर ठेवलं आहे. पाहिलं की कळतं, आता तुम्ही गाईला पाणी दाखवत असाल, आता आई तुळशीपाशी असतील.

एका चहावालीने लग्नाला किती दिवस झाले विचारलं. मी म्हटलं, तीन महिने. ती गोड हसली. मग उरलेला घाटभर मला खोटं बोलल्यासारखं वाटत राहिलं. सासर म्हटलं की अजून डोळ्यांपुढे समुद्रपूरचंच अंगण येतं.

इथे आलो ते चार दिवस डोंगर दिसलेच नाहीत. सगळीकडे धूर धूर. लोक म्हणाले, या दिवसांत असंच असतं. आज सकाळी तळ्यावर गेलो आणि वारा सुटून एकदम सगळं उघडं झालं. बाबा, ते ढगांच्याही वर असतात. मी मान वर करून शोधत होते, त्याच्याही वर. मी ओरडलेच, अहो, पाहा ना!

हाक मारली आणि मला कळेना, मी कोणाला हाक मारली. नाव तर कधी घेतलंच नाही, त्यांचंही नाही आणि यांचंही नाही. यांनी ओ दिली आणि माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. माझ्याकडे पाहिलं, रुमाल पुढे केला. त्याला ग्रीसचा वास होता.

हे तुम्हाला लिहावं की नाही असं वाटलं होतं. पण दुसरं कोणाला लिहू?

आईंच्या तब्येतीचं लिहा. जामच्या चौकाचं काय ते लिहा. स्वेटर आणलं आहे, आई विचारतील म्हणून सांगते.

तुमची मायेची,
ज्योत्स्ना


काठमांडू,
दि. ३० मे १९९९

ती. रूपरावजी यांस,
योगेंद्रचा सा. न. वि. वि.

हे पत्र मी ज्योत्स्नाला न सांगता लिहीत आहे. मला पत्रे लिहिण्याची सवय नाही. चुकले तर सांभाळून घ्यावे.

आम्ही परवा येथे आलो. गाडी धुवायच्या आधी ती मोतीलालजींच्या दुकानात गेली. आपले पत्र आलेले होते. तिने ते दुकानाच्या पायरीवर बसून वाचले आणि घडी करून ठेवले. आपण विहिरीचे लिहिले, आंब्यांचे लिहिले, कालवडीचे लिहिले. कोणीकडे वळायचे ते लिहिले नाही. त्यानंतर तिने येथले काही धड पाहिलेले नाही. देवळात नेले तर पायऱ्यांवर बसून राहते. आज म्हणाली, आपण सरळ अल्लीपूरलाच जाऊ.

धोंड्याच्या ताटाची आपण माझ्यासाठी काळजी करू नये. मला पित्त आहे. तळलेले मला सोसतच नाही. कपडे, भेट, मान यातले मला काही नको. मी ते मिळावे म्हणून लग्न केलेले नाही.

आपल्या घरात माझ्या येण्याने आईंना त्रास होणार असेल, तर तेही मी समजू शकतो. गजेंद्रजींच्या फोटोसमोर मी बसणे त्यांना जड जात असेल. म्हणून एक सुचवतो. आम्ही ९ तारखेस नागपूरला माझा आतेभाऊ प्रेमदास याच्याकडे येऊ, ११ ला तेथून निघू. जामच्या चौकात मी तिला समुद्रपूरच्या बसमध्ये बसवून देईन. तिने दिवसभर आपल्याजवळ राहावे, जेवावे, संध्याकाळच्या बसने परत यावे. तोवर मी चौकातल्या हॉटेलात चहा पीत बसेन. मला कंटाळा येत नाही.

फक्त तिला या म्हणावे, एवढीच विनंती. प्रेमदासचा पत्ता मागे लिहिला आहे.

आपला नम्र,
योगेंद्र


समुद्रपूर,
दि. ७ जून १९९९

श्री. रा. रा. योगेंद्रराव यांसी,
रूपरावचा स. न. वि. वि.

आपले पत्र शनिवारी मिळाले. माझ्या पत्रात जे नव्हते ते आपण बरोबर हेरले. मी लिहायला घाबरलो, हे खरे आहे.

आपले पत्र मी घरात वाचून दाखवले. चौकातल्या चहापर्यंत आलो आणि ज्योत्स्नाच्या आईने मला तिथेच थांबवले. फार रागावली. तिचे शब्द जसेच्या तसे लिहितो, कारण मला ते सौम्य करता येत नाहीत. म्हणाली, जावई चौकात बसन आन् पोरगी एकटी मोटारीनं येईन? जामचे लोक काय म्हनतीन? त्याले काय वाटलं, मी त्याले दाराबाहेर ठेवीन? मी तिले येऊ नको म्हटलं ते काऊन म्हटलं? इथं येऊन रडत बसन, तिचा नवा संसार नासन, म्हून म्हटलं. तुमाले एवढंही सांगता नाई आलं पत्रात?

 मलाही ते तिने तेव्हाच पहिल्यांदा सांगितले.

काल सकाळी तिने कोठीतून तांदूळ काढून भिजत घातले. आज त्याचे पाणी बदलले.  तीन दिवस तांदूळ भिजवतात ते कशासाठी, हे आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे.

मात्र एक अडचण आहे. दुखवट्याच्या घरात पहिली कढई घरच्या बाईने चढवायची नसते, सोयऱ्याधायऱ्याने चढवायची असते. मी म्हटले, तुझ्या भावाला निरोप धाडतो. तर म्हणाली, भाऊ कायले? लेक येऊन राह्यली ना. तेव्हा आपण याल तेव्हा स्वयंपाक तयार नसेल. ज्योत्स्ना हातपाय धुऊन चूल पेटवेल, मग आपले पान वाढले जाईल. जावयाला उपाशी बसवणे शोभत नाही, पण इलाज नाही.

गजेंद्रचा फोटो भिंतीवर आहे. तो मी काढणार नाही. हे आधीच सांगितलेले बरे.

रेडिओवर कारगिलच्या बातम्या लागल्यापासून ती झोपलेली नाही. ते डोंगर वेगळे, तुमचे वेगळे, असे मी पुष्कळ सांगितले. म्हणते, डोंगर म्हणजे डोंगरच. तरी लवकर यावे. चौकातून डावी-उजवी पाहू नये, सरळ घरी यावे.

आपला,
रूपराव


समुद्रपूर,
दि. १७ जून १९९९

चि. सौ. ज्योत्स्ना हिस अनेक आशीर्वाद.

तुम्ही अल्लीपूरला नीट पोचल्याचा निरोप बसच्या कंडक्टरकडून मिळाला. पत्र टाकले असशील, ते यायचे आहे.

तुम्ही गेल्यावर घर फार मोकळे वाटते. तळणाचा वास राहिला होता, तोही आज गेला. तुझी आई कोठीत उभी राहून तो वास घेत होती, हे मी पाहिले आणि पाहिले नाही असे केले. रस्त्यावर मोटारसायकल वाजली की मी अजून उठतो. आधी गजेंद्रसाठी उठत होतो. काल उठलो तो कोणासाठी, ते मला नक्की सांगता येणार नाही. दूधवाला होता.

त्या दिवशी तुझे पहिले दोन अनारसे कढईत हसले, फुटून पसरले आणि तू घाबरून आईकडे पाहिलेस. ती काय म्हणाली ते तू ऐकलेस की नाही, चुलीपाशी धूर होता. म्हणाली, हसू दे, या घरात कोनीतरी हसलं.

योगेंद्ररावांचे पित्त कसे आहे? नको नको म्हणत त्यांनी चार अनारसे खाल्ले. तुझ्या आईने वाढताना तोंडाकडे पाहिले, त्यामुळे त्यांना नाही म्हणता आले नसावे. सुंठ-साखर द्यावी. मी त्यांचा पाट फोटोकडे पाठ येईल असा मांडला होता. त्यांनी तो स्वतः उचलून फिरवला आणि फोटोकडे तोंड करून जेवले.  माझ्या वतीने तू त्यांना सांगावे. काय सांगायचे ते मला सुचत नाही.

काल कोकिळाबाई आल्या होत्या. त्यांना वास गेला होता, विचारायला आल्या की तुमच्या घरी काय होतं?  तुझी आई आतून म्हणाली, काय राहीन, आमची लेक आन् जावई येऊन गेले. 

रात्री जेवताना तुझ्या आईने एक तक्रार केली, ती कळवतो. तू एवढ्या पत्रांत एकदाही तिला लिहिले नाहीस, नमस्कार तेवढा शेवटी. म्हणाली, तिले लिहा, पुढचं पत्र माह्या नावानं टाकजो म्हना, पाकिटावर माहं नाव पाह्यजे. मी म्हटले, तुला वाचता येत नाही, वाचायचे मलाच आहे. म्हणाली, वाचा ना तुम्ही, पन विचारून वाचा.

तेव्हा पत्ता असा लिही: सौ. अन्नपूर्णाबाई, समुद्रपूर. पोस्टमन घर ओळखतो.

इकडची माया तुमच्या दोघांवर आहे, ती आता वाटून घ्यावी.

तुझा,
बाबा