बाइंडर रागावले त्याची गोष्ट

तीर्थस्वरूप मावशीस, भाचीचा वाकून नमस्कार. तुझा गुडघा आता जिना चढू देतो ना? काकांचं घोरणं शेजाऱ्यांना सोसवेल इतपत तरी उतरलं असेल, अशी आशा.

छापखान्यात मी मुद्रितं तपासते हे तुला ठाऊकच आहे. चुकलेली वेलांटी मला चार हातांवरून दिसते, पण माणसाचा चेहरा काही धड वाचता येत नाही. समोरच्यानं नुसती भुवई उचलली की मी आधी माफी मागून मोकळी! (परवा दुकानदारानं जांभई दिली, तर मी घेतलेला साबण परत ठेवून आले.) नवे बाइंडर आले तेव्हापासून तर कहरच झाला. मी दिसले की त्यांच्या कपाळाला आठ्या पडायच्या, ओठ घट्ट मिटायचे. मी ताडलं, माझ्या नजरेतून काहीतरी भयंकर सुटलंय आणि त्यापायी यांना पुस्तकं उसवून पुन्हा शिवावी लागताहेत. तीन आठवडे मी मागच्या जिन्यानं ये-जा केली, तरी दिवसातून एकदा गाठ पडायचीच. शेवटी धीर सुटला आणि कोणी न विचारता मालकांपुढे जुन्या सात चुका कबूल केल्या. मालकांना त्यातली एकही माहीत नव्हती! (आता सातही माहीत आहेत.) ते म्हणाले, "अहो, बाइंडरनाच विचारा की सरळ."

गेले. ते खळीचा ब्रश धरून उभे. मी विचारलं, "माझं काही चुकलं का?"

त्यांचा चेहरा लालबुंद. (संपलं सगळं, मी मनात म्हटलं.)

"तुमचं? तुम्हीच माझ्याकडे चूक शोधल्यासारख्या बघता. तुम्ही दिसलात की माझी बोबडी वळते. मला वाटलं, तुम्ही रागावलात!"

मावशी, दोघंही घाबरून तीन आठवडे एकमेकांवर डोळे वटारत होतो! मी हसत सुटले, मग तेही. त्या नादात निम्मी खळ माझ्या बाहीवर. त्यानंतर दोन महिने दुपारचा चहा त्यांच्याच टेबलावर होतोय. काल त्यांनी अगदी तशाच आठ्या घालून विचारलं, "रविवारी आईला घेऊन तुमच्या घरी येऊ?" या वेळी त्या आठ्या मला कळल्या. मी "या" म्हणाले.

सगळ्यांना माझा नमस्कार सांग.

तुझी, अजूनही जरा घाबरट,
भाची

ता. क. रविवारी चार वाजता तू त्यांच्या आईसमोर बसायचंस. त्या खूश दिसल्या तर खोकायचं, नाराज दिसल्या तर चष्मा पुसायचा.

आणखी एक ता. क. माझ्या आईला यातलं अक्षरही माहीत नाही. जगात तिचा एकटीचा चेहरा मला बिनचूक वाचता येतो, म्हणूनच तोंड उघडत नाही. तेव्हा तू शनिवारीच ये, आणि तिला तूच सांग.