माघारीची पूर्ण तयारी

२८ ऑक्टोबर २०२४, केशोरी
पक्षानं तिकीट भुपेंद्रला दिलं! मी आमदार असताना हा माझ्यामागे हार घेऊन फिरायचा. मी कारगिलच्या बर्फात लढलोय, याला दिवाळीतच मफलर लागतो. ठरलं. उद्या बंडखोरी. अपक्ष फॉर्म भरला की नेते मनधरणीला धावत येतील. चार दिवस ताणायचं, विधान परिषद मागायची, महामंडळावर राजी व्हायचं.

२९ ऑक्टोबर, दु. २.४५
फॉर्म भरला. शेवटच्या क्षणी, सरप्राइज अटॅक. कारकून म्हणाला, साहेब, अपक्षाच्या फॉर्मवर सही कराले दहा सूचक लागतेत, तुमचा एकच हाये. मागे एकच पुरला होता, म्हटलं. तवा तुमी पक्षाचे होते, म्हणे. माजी आमदाराला नियम शिकवतो! माझा सूचक केवलराम माझ्याच पलटणीतला आहे. एकटा दहांना भारी.

३० ऑक्टोबर
आज अर्जांची छाननी. गेलो नाही. सुभेदारानं कारकुनापुढे हजेरी लावायची? अंगणात बारा खुर्च्या मांडल्या. बायकोला पोहे भिजवायला सांगितले. पार्वता म्हणाली, कोन येऊन राहिलं? म्हटलं, वरिष्ठ.

१ नोव्हेंबर
कोणी नाही. दिवाळी आहे, घरदार सोडून कसे येतील. समजून घेतलं पाहिजे.

३ नोव्हेंबर
फोन तीनदा बंद करून चालू केला. पार्वता म्हणते, तुमीच कायले फोन नाही करत? आपली मनधरणी आपणच करायची का? खरं सांगायचं तर जीव घाबरा झालाय. पाच वर्षांत दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेतल्या नाटकाचं उद्घाटनसुद्धा कोणी दिलं नाही. आताही विसरले तर मी संपलो. विधान परिषद नको. महामंडळही नको. नुसतं येऊन चहा प्यावा.

४ नोव्हेंबर, स. ११
माघारीची मुदत तीनपर्यंत. पक्षहितासाठी स्वतःच जातो. फोटोग्राफर सांगितलाय.

४ नोव्हेंबर, दु. ३.३०
कारकून म्हणाला, साहेब, तुमचा फॉर्म छाननीतच बाद झाला. पाच दिवसांपासून बोर्डावर लागून हाये. म्हटलं, तरी माघार घेतली असं लिहून द्या. विनंती केली. शेवटी हात जोडले. म्हणे, तुमी उभेच नाही, त माघार कायची?
फोटोग्राफरला परत पाठवलं. पायरीवर बसून भुपेंद्रला फोन लावला. तुझ्यासाठी माघार घेतली, म्हटलं. मागे ढोलताशे चालू होते. कोन बोलून राहिले, म्हणाला.
नाव सांगितलं. हुद्दा सांगितला. मग पलटणही सांगितली.
होल्ड करा, म्हणाला. केलंय.