पत्रिकेतून माझं गिटारवादन काढण्याबाबत

बोल्हेगाव, अहिल्यानगर
रविवार, दुपार

चि. बिभीषण यास काकासाहेबाचे आशीर्वाद.

पत्राच्या माथ्यावर श्री लिहिलेला नाही, तो विसरलो म्हणून नव्हे. तुझ्या ताईला, सुकन्याला, जाऊन वर्ष व्हायला अजून तीन आठवडे आहेत, तोवर या घरातून जाणारा कागद असाच कोऱ्या माथ्याने जाईल. तुझी तब्येत कशी आहे? कंबरेला पट्टा लावतोस, की मंडपाचे पाइप अजून स्वतःच उचलतोस? सौ. आरतीला सांग, तिने दिलेल्या शेंगदाण्याच्या चटणीचा डबा धुऊन ठेवला आहे. माझी प्रकृती ठीक. साखर ताब्यात आहे. डाव्या हाताच्या बोटांची टोकं सोडली तर दुखत काही नाही, आणि ती का दुखतात हे तुला चांगलं माहीत आहे. हे सगळं फोनवर बोललो असतो, पण फोनवर तू मला दोन वाक्यांच्या पुढे जाऊ देत नाहीस. म्हणून लिहितो. तुझा टेम्पोवाला बन्सी उद्या संध्याकाळी ताडपत्र्या न्यायला नगरला येणार आहे, त्याच्या हाती देईन.

काल सकाळी तू पाव्हण्यांच्या ग्रुपवर ताईच्या प्रथम पुण्यस्मरणाच्या पत्रिकेचा नमुना टाकलास. नऊ ते दहा भजन, ठीक. दहा ते अकरा प्रवचन, ठीक. त्याच्या खाली, महाराजांच्या नावाएवढ्याच मोठ्या अक्षरांत, 'अकरा ते साडेअकरा, सुमधुर गिटारवादन : ह.भ.प. काकासाहेब'. मी ते चष्मा पुसून पुन्हा वाचलं. बिभीषण, मी एकसष्ट वर्षांचा माणूस आहे. नागापूरच्या एमआयडीसीत बत्तीस वर्षं क्वालिटीत काढली. निरोपाच्या दिवशी साहेबांनी माइक पुढे केला तेव्हा 'धन्यवाद' म्हणून खाली बसलो (तेही माइक चालू व्हायच्या आधी). मी ह.भ.प. नाही. सुमधुर तर मुळीच नाही. तासाभरात चाळीस जणांनी हात जोडल्याची चित्रं पाठवली आणि तुमच्या भावकीतल्या एकाने विचारलं की दाजी लग्नाच्या सुपाऱ्या घेतात का. त्यावर तू अंगठा दाखवलास. अंगठा!

हे सगळं कुठून सुरू झालं ते तुला माहीत आहे, पण तुझ्या आठवणीवर माझा भरवसा नाही, म्हणून एकदा लिहून ठेवतो. दहाव्याच्या दिवशी नेवाशाला प्रवरेच्या घाटावर पिंड ठेवला होता आणि कावळे समोरच्या बाभळीवर बसून होते. दोनशे माणसं उन्हात उभी. तुझ्याच स्पीकरवर श्रद्धांजलीची भाषणं चालली होती. एका भावी उमेदवाराने वीस मिनिटं घेतली आणि सुकन्याला शेवटपर्यंत सुनंदाताई म्हटलं. भाषणं संपली तरी कावळा काही शिवेना. मी पुढे होऊन हात जोडले, नवऱ्याने मनात जे म्हणायचं ते म्हटलं. कावळा हलला नाही. लंकाक्का (माझी थोरली बहीण, जिला प्रत्येक दहाव्याचा अनुभव आहे) म्हणाली, 'तिचा जीव कशात तरी अडाकलाय बग.' तेवढ्यात तू माइक ओढलास. 'ताई, तुझा जीव त्या गिटारीत हाय ना? दाजी वाजवतील! वरीसश्राद्धाला समद्या पाव्हण्यांसमोर वाजवून दावतील! आता तरी ये!' आणि माइक बंद करून बाजूला झालास. पुढच्या मिनिटाला चार कावळे उतरले. दोनशे माणसांनी एकदम सुस्कारा सोडला आणि माझ्याकडे पाहिलं. आता मी काय बोलणार होतो? माझं मत विचारशील तर ते कावळे तुझ्या स्पीकरची शिट्टी थांबली म्हणून आले. पण घाटावर क्वालिटीवाल्याचं मत कोणी विचारत नाही.

बरं, शब्द दिलास तो कोणत्या वस्तूबद्दल, ते तरी पाहिलं होतंस का? सुकन्याने जाण्याआधी दोन-अडीच महिने ती गिटार मोबाईलवरून मागवली. तीस वर्षं अंगणवाडीत टाळ्या वाजवून गाणी म्हटली, आता हातात काहीतरी वाजणारं हवं, असं तिचं म्हणणं. 'जुन्या पद्धतीची, परवडणारी' असं त्या जाहिरातीत होतं. खोकं उघडलं तेव्हा मी शेजारीच होतो. मध्ये पिवळी, कडेला काळपट, तव्यावर जरा जास्त राहिलेल्या भाकरीसारखी. पांढरं प्लास्टिक पिवळं पडलेलं. जिथे हात टेकतो तिथला रंग उडून लाकूड उघडं पडलेलं, आणि मागच्या बाजूला तळहाताएवढा ओरखडा. मी म्हटलं, 'हा वापरलेला माल आहे, परत पाठव.' ती म्हणाली, 'अहो, नवीनच आहे. जुनी दिसावी म्हणून तशी बनवलीय.' आणि माझं तोंड पाहून इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं.

मी तरीही तक्रार पाठवली. सात मुद्दे, फोटोसकट, प्रत्येक ओरखड्याची लांबी व्हर्निअरने मोजून. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं की सातही मुद्दे म्हणजे दोष नसून मालाचं वैशिष्ट्य आहे आणि आमच्या निवडीबद्दल आमचं अभिनंदन. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. केसाएवढी रेघ दिसली तरी मी मालाच्या पेट्याच्या पेट्या परत पाठवल्या, लोकांच्या शिव्या खाल्ल्या, दिवाळीच्या तोंडावर लाइन थांबवली. आणि इकडे कुठल्यातरी कारखान्यात एक माणूस पगार घेऊन नव्या वस्तूला ओरखडे पाडतो! त्याच्यावरही कोणी क्वालिटीवाला असणार. तो काय म्हणत असेल? 'हा ओरखडा लहान आहे, परत घे'? आणि जो खरा दोष होता त्याचा त्या उत्तरात उल्लेखसुद्धा नाही. दांडीवर ज्या एकवीस धातूच्या पट्ट्या असतात त्यांची टोकं घासलेलीच नव्हती. सुकन्याचं बोट पहिल्याच दिवशी कापलं. मी बारीक कानस घेऊन बेचाळीसच्या बेचाळीस टोकं गोल केली. त्या कामाला दोन दुपारी लागल्या. ती समोर बसून लसूण सोलत होती.

पुढचं तर तुझ्या कानावर आलेलंच नाही. तेराव्यापर्यंत लंकाक्का इथे राहिली. तिला रिकामं बसवत नाही आणि रडून झालं की ती काहीतरी घासायला घेते. एका सकाळी ती गिटार मांडीवर घेऊन बसलेली, बाजूला वाटीत चिंच आणि मीठ. 'आरं, किती काळं पडलंय हे! पैसं नव्याचं दिलं अन् माल आसला? तू क्वालिटीत हुतास ना?' मी ओरडेपर्यंत सहांतल्या तीन खुंट्या आणि तारा अडकवायची पट्टी लखलखीत झाली होती. आता ती अर्धी जुनी आणि अर्धी देवघरातली दिसते. आणि खरं सांगू का, मला राग आला तो खुंट्यांवरचा काळेपणा गेल्याचा. ज्या काळेपणाबद्दल मीच लेखी तक्रार केली होती.

तू दिलेला शब्द मी तिसऱ्या महिन्यात पाळायला घेतला. रोज दुपारी चारला, खिडक्या लावून. आधी, वायर न जोडता, गिटार नुसती गुणगुणते. अ‍ॅम्प्लिफायरला (आपल्या पिठाच्या डब्याएवढा आहे) जोडली की ट्यूबलाइटची घरघर ओढून घेते. तारांवर हात ठेवला की गप्प होते, हात काढला की पुन्हा सुरू. वायरी तपासल्या, अर्थिंग तपासलं. मोबाईलवरचा शिकवणारा सांगतो की जुन्या पद्धतीच्या गिटारी अशाच असतात. म्हणजे हेही वैशिष्ट्य. हल्ली मी वाजवत नसतानाही तारांवर हात ठेवून बसतो.

अशाच एका दुपारी आसाराम आला. तो कारखान्यात माझ्या हाताखाली होता, मुलाकडे दुबईला होता म्हणून भेटायला उशीर झालेला. डोक्यावर टोपी, चेहरा पाडलेला, दुखवट्याला येतात तसा. दाराशी त्याला आतून गिटार ऐकू आली. बेल न वाजवता तो परत गेला, आणि आठ दिवसांत अख्ख्या नागापुरात झालं की काकासाहेब सावरले, चांगलेच सावरले. पुढच्या रविवारी तो पुन्हा आला तो पाकिटात फोटो घेऊन. राहुरीच्या एका शाळेतल्या बाई, रिटायर, कुणी मागेपुढे नाही, 'आणि त्यांनाही गाण्याची आवड आहे, साहेब.' मी म्हटलं, 'आसाराम, अजून वर्ष व्हायचंय.' तो म्हणाला, 'नाही नाही, वर्षानंतरचंच बघू. तोवर तुमची आणखी दोन गाणी बसतील.' मी त्याला चहा दिला. माझाच दिला, बिनसाखरेचा. तरी तो हसतच गेला. माणूस गप्प बसला तर लोक म्हणतात खचला, वाजवू लागला तर फोटो आणतात. याला जबाबदार कोण? बाभळीवरचे कावळे नाहीत, बिभीषण.

आता मुद्दा. मला येतं ते इतकंच, देवाच्या आरतीच्या चालीची पहिली ओळ आणि दुसरी अर्धी. सुकन्या तिथपर्यंतच पोहोचली होती. अर्ध्या तासात ते मी चाळीस वेळा वाजवू शकेन. तिसऱ्या वेळेला मागची पोरं हसतील, पाचव्या वेळेला त्यांच्या आया हसतील. मला हसले तर हसू देत. पण ते हसतील तेव्हा त्यांना आठवेल की सत्तावन्न वर्षांच्या अंगणवाडीच्या बाईला गिटारचं वेड लागलं होतं, आणि ते तिला हसतील. जिवंतपणी तिला हसून झालं आहे. तू म्हणाला होतास, 'ताई आता बँड काढणार, मंडप माझा फुकट.' मी व्हर्निअर घेऊन बसलो होतो. आपल्या दोघांपैकी कुणी एकदाही म्हटलं नाही की वाजव बरं, ऐकतो. निदान तिच्या वर्षश्राद्धाला तिची करमणूक होऊ नये.

तेव्हा बुधवारपर्यंत पत्रिकेतून माझं नाव, त्याच्या आधीची पदवी आणि वादनाचं विशेषण काढून टाक. त्या अर्ध्या तासात फुलं वाहू देत. हे मी एकदाच सांगतो आहे. ज्वारीला पाणी मिळालं का, ते कळव.

तुझा दाजी,
काकासाहेब

ता.क. (रविवार, संध्याकाळ) कागद आधीच छापायला गेला असेल तर फाडून टाकण्याइतकं काही नाही. ह.भ.प. तेवढं पेनाने खोड.

ता.क. २ (सोमवार, सकाळ) 'सुमधुर'ही खोड. बिनहाताची खुर्ची लागेल, हाताच्या खुर्चीत कोपर अडकतं. माझी वायर तुझ्या लायटिंगच्या लाइनवर अजिबात टाकू नकोस, नाहीतर महाराजांच्या प्रवचनापेक्षा घरघरच जास्त ऐकू येईल. आणि वेळ अर्धा तास नको, पाच मिनिटं पुरे. दुसरी ओळ काल रात्री पुरी झाली. तशी बरी वाटते.

ता.क. ३ (सोमवार, दुपार) आत्ता छापखान्यातून फोन आला होता. तू बिलासाठी माझा नंबर दिला होतास. मजकूर कायम करायचा का, असं तो विचारत होता. मी म्हटलं, कायम करा, आणि माझ्या नावाखाली एक ओळ घाला, 'पखवाज साथ : बिभीषण'. त्याने विचारलं, त्यांना विचारलंय का? मी म्हटलं, आमच्यात विचारत नाहीत.

तू भजनी मंडळ सोडलंस त्याला वीस वर्षं झाली हे मला माहीत आहे. हात बसले नसतील. पण दुसऱ्या ओळीत मी धावतो, आणि एकट्याला ते कळत नाही. धरून ठेवणारं कुणीतरी शेजारी लागतं. वर्षभर तू फाटकाशी ज्वारीचं पोतं उतरवतोस, टेम्पो बंदही करत नाहीस आणि जातोस. आत का येत नाहीस ते मी विचारलं नाही, कारण मलाही त्या घरात शिरताना रोज दाराशी थांबावं लागतं. गुरुवारी चारला पखवाज घेऊन आत ये. हे पत्र तू वाचशील तोवर चारशे प्रती छापून झालेल्या असतील.