लांब पल्ल्याचं इंजिन

बंगळूर,
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

प्रिय गिरीअण्णा,

तुला आणि रम्यावहिनीला नमस्कार, चिनूला गालगुच्चा. दिवाळीचा फराळ पोचला का? चकल्या वाटेत मोडल्या असतील तर चुरा खा, चव तीच आहे. इकडे आम्ही दोघं बरे आहोत, अप्पांचे गुडघे सोडले तर.

फोन असताना पत्र कशाला, असं विचारशील. फोनवर तू इथल्या कानडीत "सगळं सरी ना?", म्हणजे ठीक ना, म्हणतोस, मी "सरी" म्हणते आणि संपतं. शिवाय त्या वेळी अप्पा समोरच्याच खुर्चीत पेपर धरून बसलेले असतात. पान उलटत नाहीत.

तर, गाडीबद्दल लिहायचं होतं. आपली जुनी छोटी गाडी शेवटी देऊन टाकली. मेट्रोचे जिने अप्पांना झेपत नाहीत, आणि चिकपेटच्या आपल्या दुकानात एक चक्कर मारल्याशिवाय त्यांना जेवण जात नाही. म्हणून विठोजीमामांकडे गेलो. आईचा हा मावसभाऊ या वयातही जुन्या गाड्यांचाच व्यापार करतोय.

मामांकडे एकाच मॉडेलच्या तीन सेडान होत्या, सगळ्या दहा-बारा वर्षांच्या. एक चौदाशे सीसी पेट्रोल, एक सोळाशे पेट्रोल आणि एक सोळाशे डिझेल. बाहेरून तिघी बहिणी. गाड्यांतलं तुला कळतं म्हणून सविस्तर लिहिते.

चौदाशेचा क्लच हलका, आवाज जवळजवळ नाहीच. महादेवपुऱ्याला माझ्या ऑफिसला जाताना सगळा रस्ता पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्येच जातो, तिथे हीच बरी. फक्त एसी लावून फ्लायओव्हर चढताना तिला धाप लागते. सोळाशे पेट्रोल म्हणजे गंमत होती! पाय टेकवला की पळते, पण ट्रॅफिकमध्ये पेट्रोल पाण्यासारखं पिते. डिझेलला क्लच दाबून दाबून माझी पोटरी भरून आली. पण रिंग रोडवर थोडा मोकळा रस्ता मिळाला आणि तिने जी ओढ घेतली ना, अण्णा! मला वाटलं, हिला कोणीतरी घाटात न्यायला हवं.

तरी मी चौदाशेच म्हटलं. अप्पा म्हणाले, "डिझेल."

मामा हसले. "भावोजी, तुमचं फिरणं किती? घर ते चिकपेट. तेवढ्यात डिझेलचं इंजिन धड तापायचंही नाही. लांबचं जाणं-येणं असेल तर गोष्ट वेगळी."

"लांबचंच आहे."

"कुठे?"

"तुळजापूरला. हिच्या आईने देवीसाठी साडी घेऊन ठेवलेली, ती द्यायची राहिलीय. मुलगा आला की सगळे मिळून जाणार."

मग त्यांनी मागचं दार उघडलं. गुडघ्यावर हात ठेवून वाकले, सीट दाबून पाहिली आणि विचारलं, "इथे लहान मुलीची खुर्ची बसते का? ती पट्ट्यांची असते, तसली?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी टायरकडे पाहत राहिले.

तू येणार आहेस असं मी त्यांना कधीच सांगितलेलं नाही. तूही मला सांगितलेलं नाहीस.

परत येताना ऑटोत मी विचारलं, "अप्पा, अण्णा येतोय असं कोण म्हणालं?" इंदिरानगरच्या सिग्नलला ऑटो थांबली तेव्हा ते बोलले.

"लॉकडाऊनमध्ये विमानं बंद होती हे मला काय ठाऊक नव्हतं? पण तुझ्या आईला स्मशानात न्यायला आपण दोघंच होतो गं. कुणावर तरी ओरडायचं होतं. पुढं सगळं उघडल्यावर तो येतो म्हणाला, तर मी म्हणालो, आता कशाला येतोस." मग म्हणाले, "आणि तो खरंच आला नाही."

ड्रायव्हरने आरशातून पाहिलं. अप्पांनी तोंड बाहेर वळवलं. आई गेल्यापासून त्यांच्या तोंडून तुझ्याबद्दल एवढं मी पहिल्यांदाच ऐकलं.

तुझी बाजूही मला कळते. ते वाक्य ऐकून मीही तिकीट काढलं नसतं. पण अण्णा, आईविषयी बोलायला मला इथे कुणी नाही. अप्पांसमोर तिचं नाव काढवत नाही, आणि तिच्या हाताखाली वाढलेलं दुसरं माणूस या जगात फक्त तू आहेस. खिडकीजवळ कोण बसणार यावरून तुझ्याशी भांडावंसं वाटतं. आपले केस पिकायला लागलेत तरी.

काल डिझेल घरी आली. कुठल्याही हिशोबात ती आमच्यासाठी बरोबर नाही. तरी मी सही केली. आज सकाळी अप्पा खाली जाऊन तिच्यात नुसतेच बसून आले.

हे लिहीत होते तेवढ्यात ते आत आले. "कुणाला लिहितेस?"

"अण्णाला."

उभे राहिले. चष्मा काढून लुंगीला पुसला. वाटलं, आता काहीतरी मोठं सांगतील. म्हणाले, "त्याला विचार, तिकडं बर्फात सकाळी गाडी सुरू होते का?" दारापर्यंत गेले आणि परत वळले. "मी विचारलंय असं लिही."

म्हणून लिहिते. अप्पा विचारताहेत, तिकडं बर्फात सकाळी गाडी सुरू होते का? मला उत्तर देऊ नकोस. त्यांना फोन कर.

वाट पाहणाऱ्या दोघांपैकी एक,
दिव्या