लाइन कोण तोडतंय?

३ मार्च, सोमवार

लंबूकडून मॉडेम आणला. जुन्या ऑफिसातला, चांगला विटेएवढा. वापरायचं पुस्तक मागितलं तर म्हणे घर बदलताना हरवलं. मॉडेम सापडतो, खोकं सापडतं, आतला थर्माकोलसुद्धा सापडतो, पुस्तक तेवढं हरवतं. सगळी नोकरी त्याच्या समोरच्या टेबलावर काढली आहे, मला शिकवू नये. त्याच्याकडेही असाच एक मॉडेम आहे. फोनच्या लाइनवरून दोघांचे कॉम्प्युटर जोडायचे असं ठरलंय. माझा चालू नये आणि त्याने हसावं, हा सरळसरळ डाव आहे.

निश्चय : पुस्तकाशिवाय, शनिवारच्या आत.

शनिवारी मुलगी नोकरीसाठी परदेशी चाललीय, त्याचा याच्याशी संबंध नाही. ती वेगळी राहते, जायचंही तिने मला न विचारता ठरवलं. आता विमानतळावर या असं तिने स्वतः फोन करून म्हणायला हवं. तेही घरच्या फोनवर. बायकोच्या मोबाइलवर मी बोलत नाही, त्यात कोण कोण ऐकत असतं सांगता येत नाही. मी वाट वगैरे बघत नाहीये. फोनशेजारी बसलोय ते मॉडेमची वायर आखूड आहे म्हणून.

४ मार्च, मंगळवार

मॉडेमच्या मागे बारीक स्विचची रांग. कुठला कशाचा, काही लिहिलेलं नाही. मुद्दामच. टाचणीने एकेक वरखाली करून पाहिला. एकाने आवाज गेला. दुसऱ्याने आवाज आला. शेवटचा वर केला आणि काहीच झालं नाही.

संध्याकाळी फोनची बेल वाजली. मी हात पुढे करेपर्यंत मॉडेमनेच फोन उचलला आणि जोरात किंचाळला. पलीकडच्याने ठेवून दिला. म्हणजे शेवटचा स्विच आपोआप फोन उचलण्याचा. शोध लागला. फोन लंबूचाच असणार, चाचपणी करत होता.

बायको म्हणाली, ते किंचाळणारं बंद करा, पोरीचा फोन येईल. मी म्हटलं, येऊ दे की, मी काय तिचा हात धरलाय?

६ मार्च, गुरुवार

लागला! लंबूचा मॉडेम किंचाळला, माझा किंचाळला, जोडणी झाली. स्क्रीनवर दोन अक्षरं उमटली, लाइनवर टिक् टिक् झालं आणि सगळं तुटलं. पुन्हा लावला, पुन्हा तेच. काल पहिल्यांदा लागला तेव्हाही तेच झालं होतं. दुपारी नुसता फोन लावून ठेवला तर तासभर काही नाही. संध्याकाळी मी बसलो रे बसलो की टिक् टिक्. माझ्या वेळा कोणाला तरी माहीत आहेत.

संशयित : १) लंबू. २) खालच्या मजल्यावर काम करणारा वायरमन. परवापासून त्याची शिडी जिन्यात उभी आहे आणि तो स्वतः दिसत नाही.

बायको म्हणते, ती रोज ऑफिसातून सुटल्यावर तुम्हाला फोन लावतेय, लागत नाही. हे काही मला पटलं नाही. माणूस फोनला चिकटून बसलाय, न लागायला काय झालं? करायचा नसेल तर तसं सांगावं. वाईट वाटलं, पण बायकोला दाखवलं नाही.

७ मार्च, शुक्रवार

टेलिफोन ऑफिसला तक्रार केली. तिथली बाई म्हणाली, तुमच्याकडे कॉल वेटिंग चालू आहे. तुम्ही बोलत असताना दुसरा फोन आला की टिक् टिक् वाजतं, मॉडेम असेल तर त्याने तुटणारच. बंद करून देऊ का?

इतक्या पटकन तयार झाली तेव्हाच मी सावध झालो. रोज संध्याकाळी हा दुसरा फोन करणारा कोण, ते काही बोलली नाही. सामील आहे. तरी म्हटलं, बंद करा. आता जो कोणी आहे त्याला नुसतं एंगेज ऐकू येईल. बसू दे बोंबलत.

लंबू लग्नाला गेलाय. चाचणी उद्या. आज संध्याकाळभर नुसता रिसीव्हर कानाला लावून बसलो, एकदाही टिक् टिक् नाही.

८ मार्च, शनिवार, दुपार

बायको चपला घालून दारात उभी राहिली. म्हणाली, "चला. तिने बोलावलंय तुम्हाला. किती वेळा सांगू?"

मी म्हटलं, मला तसा फोन आलेला नाही.

तिने रिक्षा बोलावली आणि गेली. रिक्षावाला माझ्याकडे वर बघत होता. का, ते कळलं नाही.

शनिवार, संध्याकाळ

चालला. पुस्तकाशिवाय. टिक् टिक् नाही, काही नाही. लंबूची इंग्रजी लिपीतली मराठी एकेक अक्षर करत येत होती, आणि मी खुर्चीवर गुडघे टेकून वाचत होतो.

"पोरीचा आत्ता मला मोबाइलवर फोन आला. आठवडाभर तुला लावतेय म्हणे. एकदा कोणी तरी तिच्या कानात किंचाळलं. कालपासून नुसतं एंगेज. आत जायची वेळ झालीय. बाबा येतायत का विचारते. काय सांगू?"

वायर उपटली. फोन हातात घेतला. लाइन स्वच्छ होती, इतकी स्वच्छ या घरात कधी ऐकली नव्हती.

तिचा नंबर मला माहीत नाही. बायकोचाही नाही, ती घरातच असते. लंबूला विचारावा म्हणून त्याला लावला तर एंगेज. तोही मलाच लावत असणार. ठेवला, थांबलो. बेल वाजली नाही. पुन्हा लावला, पुन्हा एंगेज.

आजवर मी तिला एकदाही फोन केलेला नाही. तीच करायची.