शालन कुठं गेली?

११ नोव्हें. ७५, माधवनगर
ह्यांची गिरणीत पहिली पाळी. मी नळावर गेले तेवढ्यात सासूबाई बाहेर. सगळी गल्ली धुंडाळली. शेवटी शेजारच्या हमीदाभाभींना स्टेशनच्या बाकावर सापडल्या. "म्हशीची धार काढायची ऱ्हायलीय, गावाकडं चाललीया." म्हैस विकून किती वर्षं झाली. डॉक्टर म्हणतात, वय झालं, इलाज नाही. टॉनिक दिलं.

१४ नोव्हें.
न्हाऊ घालताना आई चावल्या. मनगट सुजलंय. "कोन गं तू? माझ्या शालनचं लुगडं का नेसलीस?"
म्हटलं, आई, मीच शालन.
"खोटं. माझी सून लय गुणाची हाय. कुठं गेली ती?"
लग्न होऊन इतकी वर्षं झाली, तोंडावर कधी एकदाही असं म्हणाल्या नव्हत्या. मोरीतच बसून रडले.

२० नोव्हें.
आता बाहेरून कडी लावून पाण्याला जाते. दुसरं काय करू? आज नेमके धाकटे भाऊजी साताऱ्याहून आले. कडी बघून भडकले. "आईला कोंडता, वहिनी? जनावर हाय व्हय ती?" मी आईंची लुगडी बोचक्यात बांधली. दुपारच्या गाडीनं भाऊजी आईंना घेऊन गेले. निघताना आईंनी मला हात जोडले, परक्या बाईला जोडावेत तसे.

२१ नोव्हें.
दुपारी गाढ झोपले. बरं वाटलं. मग बरं वाटल्याचंच वाईट वाटलं. भाभी म्हणाल्या, "तू पण माणूसच हायस की गं."

३० नोव्हें.
हे साताऱ्याला जाऊन आले. आई जेवत नाहीत, ताट भिरकावतात. जाऊबाई कंटाळून माहेरी गेल्या. भाऊजींनी रजा काढलीय. दाराला आता त्यांचीही कडी. "दादा, न्हाई झेपत मला," म्हणून रडले म्हणे.
हे म्हणाले, "आणू या का परत?" मी भाकऱ्या थापत राहिले.
संध्याकाळी भाभींना सांगितलं. "आण. दुपारी माझ्याकडं बसव. मी शिवत असते, बसतील चिंध्या निवडत. तू जरा पाठ टेक." त्यांनाही चार पोरं, शिवणकाम. किती दिवस करतील?

३ डिसें.
भाऊजी स्वतः घेऊन आले. आई फार वाळल्यात. मला ओळखलं नाही, पण शेजारी बसल्या. आमटीत भाकरी कुस्करली. एक घास मी खाल्ला, एक त्यांच्या ओठाला लावला. खाल्ला.
भाऊजी उंबऱ्यातून बघत होते. जवळ येऊन बसले. "वहिनी, मला शिकवा की हे."
उद्या ते जाणार. पुढं कोण, कसं, अजून ठरलं नाही. वाटी त्यांच्या हातात दिली. पहिला घास आईंनी थुंकला. दुसरा तोंडात धरून ठेवला, गिळेनात. भाऊजी पुढचा घास हातात धरून वाट बघत तसेच बसलेत.